क्लाउडमधील लाइव्ह व्हिडिओ मिक्सिंग व राउटिंग : मुक्तस्रोत साधने

वेगवेगळ्या ठिकाणांहून येणारी थेट दृश्ये दूरच्या सर्व्हरवर गोळा करून त्यांतून एक कार्यक्रम जुळवणारे आणि तो हवा तिथे पोहोचवणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. स्टुडिओत किंवा ओबी व्हॅनमध्ये (बाहेरील थेट प्रक्षेपणाच्या गाडीत) व्हिजन मिक्सर (दृश्ये निवडून मिसळणारे यंत्र) आणि राउटर (दृश्ये हवी तिकडे वळवणारे यंत्र) जे करतात, तेच इथे भाड्याच्या संगणकावर चालणारे प्रोग्राम करतात.

राउटिंगमध्ये आलेला प्रवाह न उलगडता तसाच पुढे धाडला जातो; त्याला प्रोसेसर फारसा लागत नाही. मिक्सिंगसाठी प्रत्येक प्रवाह डीकोड करावा (संकुचित रूपातून उलगडावा) लागतो, चित्रे एकावर एक रचावी लागतात आणि तयार चित्र पुन्हा एन्कोड (संकुचित) करावे लागते. खर्च आणि विलंब दोन्ही वाढतात ते इथेच. नुसत्या राउटिंगने भागत असेल तर मध्ये मिक्सर घालू नये.

खरी कसोटी वेळेची आहे. स्टुडिओतले सगळे कॅमेरे एकाच सिंक सिग्नलवर, म्हणजे सर्वांना एका तालात ठेवणाऱ्या संकेतावर, चालतात. इंटरनेटवरून येणाऱ्या कॅमेऱ्यांना असे सामायिक घड्याळ नसते. एकाचे चित्र अर्ध्या सेकंदाने येते, दुसऱ्याचे दोन सेकंदांनी, तिसऱ्याचे मध्येच तुटते. सेकंदाला २५ फ्रेम असलेल्या कार्यक्रमात मिक्सरला मात्र दर ४० मिलिसेकंदांनी चित्र द्यावेच लागते, कॅमेरे पोहोचलेले असोत वा नसोत. म्हणून चांगला मिक्सर प्रत्येक इनपुटसाठी बफर (थोडा साठा) राखतो, फ्रेमवरचे टाइमस्टॅम्प (वेळेचे शिक्के) स्वतःच्या घड्याळाशी जुळवतो आणि कॅमेरा गेलाच तर शेवटची फ्रेम किंवा राखीव चित्र दाखवत राहतो. पडद्यावरच्या आकर्षक ट्रान्झिशनपेक्षा साधनाची पारख या गुणावर करावी.

यातले बरेचसे काम जीस्ट्रीमर या १९९९ पासून विकसित होत आलेल्या मुक्तस्रोत फ्रेमवर्कवर (ध्वनी-चित्र प्रक्रियेच्या तयार सुट्या भागांच्या संचावर) सोपवले जाते. बीबीसीने तयार केलेले ब्रेव्ह हे मिक्सिंगचे साधन त्यावरच उभे असून सर्व्हरवरचा मिक्सर एपीआयमार्फत (दुसऱ्या प्रोग्रामकडून आज्ञा घेण्याच्या सोयीने) चालवता येतो. जर्मनीतील केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकर संघटनेच्या व्हिडिओ चमूचे व्होक्टोमिक्स हे मिक्सरही जीस्ट्रीमरवरच आधारलेले आहे. डेबकॉन्फसारख्या (डेबियन विकासकांच्या) परिषदांत ते वापरले गेले आहे. त्यात मिसळणारा गाभा आणि बटणांचा पडदा हे दोन स्वतंत्र प्रोग्राम आहेत, त्यामुळे गाभा एका यंत्रावर आणि चालक दुसरीकडे असू शकतो. मात्र हा गाभा असंकुचित (आधीच उलगडलेला) व्हिडिओ घेतो. क्लाउडमध्ये त्याच्या आधी डीकोडिंगची वेगळी सोय करावी लागते. ओबीएस स्टुडिओ हे लोकप्रिय मिक्सिंग-प्रक्षेपण साधन मुळात डेस्कटॉपसाठी आहे. २०२२ मधील २८व्या आवृत्तीपासून त्यात वेबसॉकेट नियंत्रण (नेटवर्कवरून दूरस्थ आज्ञा देण्याची सोय) अंगभूत आले, तरी सर्व्हरवर त्याला आभासी डिस्प्ले आणि शक्यतो ग्राफिक्स कार्ड पुरवावे लागते.

वाहतुकीच्या बाजूला आरटीएमपी हा प्रवाह पाठवण्याचा जुना प्रोटोकॉल टीसीपीवर (माहिती क्रमानेच पोहोचवणाऱ्या पद्धतीवर) चालतो. एक पॅकेट हरवले की मागचे सगळे अडते. हायव्हिजन कंपनीने २०१७ मध्ये खुला केलेला एसआरटी हा प्रोटोकॉल यूडीपीवर (क्रमासाठी न थांबणाऱ्या पद्धतीवर) चालतो, हरवलेली पॅकेट ठरलेल्या मुदतीतच पुन्हा मागवतो आणि मजकूर एईएस या कूटलेखन पद्धतीने कूटबद्धही करू शकतो. ती मुदत मुळात १२० मिलिसेकंद असते. दूरच्या जोडणीसाठी ती वाढवावीच लागते. वेबआरटीसीने (ब्राउझरमधील थेट संवादाच्या तंत्राने) प्रवाह चढवण्याच्या व्हिप पद्धतीला २०२५ मध्ये आरएफसी ९७२५ या इंटरनेट-मानक दस्तऐवजाने प्रमाणरूप मिळाले. मीडियाएमटीएक्स आणि एसआरएस हे सर्व्हर यांतल्या एका प्रोटोकॉलने आलेला प्रवाह दुसऱ्याने बाहेर देतात.

नियंत्रणाचे पोर्ट (नेटवर्कवरील प्रवेशद्वारे) उघडे ठेवणे धोक्याचे आहे. व्होक्टोमिक्सचा ९९९९ क्रमांकाचा पोर्ट साध्या मजकुरात आज्ञा स्वीकारतो आणि पासवर्ड विचारत नाही. तो व्हीपीएनच्या (खासगी, सुरक्षित जाळ्याच्या) आतच असायला हवा.