केबल काढली की पैसे वाचतात? थोडं थांबा

‘केबल बंद करा, ओटीटी घ्या, निम्म्या पैशांत काम होतं’ हा सल्ला गेली कित्येक वर्षं फिरतोय. सरसकट सगळ्यांसाठी तो खरा नाही.

केबलचं बिल आधी नीट वाचा. ट्राय या दूरसंचार नियामकाने २०१९ मध्ये नेटवर्क शुल्काला, म्हणजे जोडणीच्या महिन्याच्या भाड्याला, १३० रुपयांची मर्यादा घातली; १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. २०२० पासून त्यात २०० चॅनेल आले. २०२४ मध्ये ही मर्यादा उठली, पण शुल्क वेगळं आणि पे चॅनेल (ज्यांचे जादा पैसे पडतात ते) वेगळे हा हिशेब तसाच आहे. न बघितलेले पॅक काढायला सांगा, बिल उतरतं. केबलवाला आपणहून काढणार नाही.

आता आईच्या मराठी मालिका घ्या. झी मराठी झी-फाइव्हवर, स्टार प्रवाह जिओहॉटस्टारवर, सोनी मराठी सोनी लिव्हवर. केबलवर एका रिमोटवर मिळणाऱ्या या गोष्टींसाठी तीन ॲप आणि वर ब्रॉडबँड. जाहिराती टळतात म्हणाल, तर प्राइम व्हिडिओनेही जून २०२५ पासून भारतात त्या सुरू केल्या. नको असतील तर जादा पैसे. पूर्वी जिओसिनेमावर फुकट दिसणाऱ्या आयपीएललाही २०२५ पासून वर्गणी लागते.

घरात ब्रॉडबँड आहेच, एखाद्याच ॲपवर भागतं आणि मालिकांचं वेड कुणाला नाही, तर मात्र केबल खुशाल काढा. मोजकंच बघणाऱ्यांना दूरदर्शनची डीडी फ्री डिश पुरते: डिश आणि बॉक्सचा एकदाच खर्च, महिन्याचं भाडं शून्य, आणि सह्याद्री वाहिनीही दिसते.