वास नसलेल्या गॅसचा माग: गाडीच्या एसीतली गळती शोधण्यामागचा इतिहास

पेट्रोल गळलं तर वास येतो, कूलंट गळलं तर गाडीखाली डबकं दिसतं, ब्रेक ऑइल गळलं तर पेडल खाली जातं. एसीचा गॅस मात्र गुपचूप हवेत मिसळून जातो आणि त्याचा पत्ता लागतो तो काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, नोझलमधून कोमट वारा येऊ लागल्यावर. तोवर गॅस बराचसा गेलेला असतो आणि नेमका कुठून गेला हे सांगणारी खूण उरलेली नसते. हे नशिबाने झालेलं नाही. कुणाला त्रास होऊ नये, कुणाच्या लक्षातही येऊ नये असा गॅस माणसाने मुद्दाम घडवला आणि मग त्याला शोधण्यासाठी पुढची नव्वदेक वर्षं खर्ची घातली.

त्याआधीचे गॅस अजिबात गुपचूप नव्हते. १९२० च्या दशकातल्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथिल क्लोराइड असायचा. पहिले दोन गळले की डोळे चुरचुरायचे आणि घरातली माणसं बाहेर पळायची. नेमका सांधा शोधायचा तर अमोनियाच्या यंत्राजवळ पेटती गंधकाची वात फिरवायची आणि सल्फर डायऑक्साइडच्या यंत्राजवळ अमोनियात बुडवलेला बोळा. हे दोन वायू भेटले की पांढरा धूर उठतो. धूर जिथे, गळती तिथे. मिथिल क्लोराइड यांच्यातला सर्वांत फसवा, कारण त्याचा वास मंद आणि गोडसर. त्याच्या गळतीने माणसं दगावली आणि निर्धोक गॅसची मागणी वाढली ती अशाच अपघातांमुळे.

ती मागणी १९२८ मध्ये थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पूर्ण केली. ही मंडळी जनरल मोटर्ससाठी काम करत होती. म्हणजे गाडीत एसी यायच्या कितीतरी आधी या गॅसचं नातं गाड्यांच्या धंद्याशी जुळलं होतं. त्यांनी क्लोरीन आणि फ्लोरीन असलेली कार्बनची संयुगं तयार केली. त्यातलं डायक्लोरोडायफ्लुरोमिथेन पुढे आर-१२ किंवा फ्रिऑन म्हणून जगभर गेलं. १९३० मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजलीने तो गॅस छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने पेटती मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही, पेटत नाही, वासही जवळपास नाही. (पेट्रोलमध्ये शिसं घालण्याचा शोधही याच गृहस्थांचा. एकाच माणसाने जगाच्या हवेला दोनदा हात लावल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.)

नाकाचा उपयोग संपला आणि त्याच सुमारास एसी गाडीत शिरला. १९३९ मध्ये पॅकार्डने कारखान्यातच बसवलेला एसी दाखवला. त्याची कूलिंग कॉइल डिकीत होती आणि गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरला तो इंजिनपासून सोडवणारा क्लचच नव्हता. एसी नको असेल तर इंजिन बंद करून बेल्ट उतरवायचा. अशी सोय फार खपली नाही. गाड्यांमधला एसी खऱ्या अर्थाने रुळला तो १९५० च्या दशकात, सगळी यंत्रणा बोनेटखाली आणि डॅशबोर्डमागे मावू लागल्यावर.

पण बोनेटखालची जागा गॅस कोंडून ठेवायला सोयीची नाही. घरच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर मोटारीसकट पोलादी डब्यात वेल्डिंग करून बंद केलेला असतो आणि नळ्या तांब्याच्या डाग देऊन जोडलेल्या. तो वीस-वीस वर्षं गॅस न भरता चालतो. गाडीत कॉम्प्रेसर इंजिनच्या बेल्टवर फिरतो, म्हणजे त्याचा दांडा बाहेर काढावाच लागतो आणि त्या दांड्याभोवतीचं सील झिजणार हे ठरलेलंच. इंजिन हलतं, गॅस गार करणारा कंडेन्सर बॉडीला घट्ट बसवलेला असतो, म्हणून मधल्या नळ्या रबरी होज ठेवाव्या लागतात. त्या होजच्या भिंतीतून गॅस थोडा थोडा झिरपतो, कुठेही भोक नसताना. शिवाय प्रत्येक सांध्याला ओ-रिंग म्हणजे रबरी कडं, गॅस भरायच्या तोंडाशी टायरमध्ये असतो तसा व्हॉल्व्ह आणि सगळ्यात पुढे रस्त्यावरचे खडे झेलणारा कंडेन्सर.

थोडक्यात, गाडीचा एसी गळणारच हे सुरुवातीपासून धरून चाललेलं होतं. मोठ्या गाड्यांत आर-१२ किलोभराहून जास्त मावायचा आणि तो स्वस्त होता. ड्रायरवरच्या (गॅसमधली ओल शोषणाऱ्या डबीवरच्या) काचेत बुडबुडे दिसले की गॅस कमी, मग भर. गळती कशाला शोधायची? ‘गॅस भरून द्या’ हे गिऱ्हाइकाचं ठरलेलं वाक्य त्याच काळात रुजलं. गॅस कितीतरी पट महाग झाला तरी ते वाक्य काही गेलं नाही.

तरीही एका ऋतूत दोनदा गॅस भरायची वेळ आली की मेकॅनिकला लीक काढावाच लागे. सर्वांत जुना उपाय साबणाच्या फेसाचा. तो आजही खोटा ठरलेला नाही. फक्त मोठी गळती आणि हात पोचेल असा सांधा हवा. त्याहून बारीक गळतीसाठी हॅलाइड टॉर्च होती. तांबं तापवून ज्योतीत धरलं आणि तिथे क्लोरीन असलेला पदार्थ आला की ज्योत हिरवी होते, ही रसायनशास्त्रज्ञ बाइलश्टाइनची १८७२ ची चाचणी. टॉर्चमध्ये तीच वापरलेली होती. बर्नरला लागणारी हवा एका लांब रबरी नळीतून ओढली जायची, ज्योतीच्या वाटेत तांब्याची चकती लाल होईपर्यंत तापायची. नळीचं टोक सांध्यांवरून हळूहळू फिरवायचं आणि नजर ज्योतीवर ठेवायची. फिकट निळी ज्योत हिरवट झाली की तिथे थांबायचं. गळती मोठी असेल तर ती गडद निळी-जांभळी व्हायची. उजेडात हिरवी छटा दिसत नसे, म्हणून हे काम अंधाऱ्या कोपऱ्यात. आणि जो गॅस स्वतः निरुपद्रवी, तोच ज्योतीत जळून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि थोडा फॉस्जीन द्यायचा. फॉस्जीन म्हणजे पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू. ज्योत निळी-जांभळी झाली की जाणता मेकॅनिक तोंड बाजूला करायचा, ते यामुळे.

ज्योत हिरवी करणारा तो क्लोरीनच पुढे आर-१२ ला नडला. १९५७ मध्ये जेम्स लव्हलॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर बनवला. हॅलोजन (क्लोरीन, फ्लोरीनसारखी मूलद्रव्यं) असलेले रेणू इलेक्ट्रॉन सहज पकडतात, यावर त्याची सारी मदार. १९७१-७२ मध्ये तो हे उपकरण घेऊन शॅकलटन या जहाजावरून अंटार्क्टिकाकडे गेला आणि भर समुद्रात, कुठलीही वस्ती आसपास नसताना, त्याला आर-१२ चा भाऊबंद असलेला सीएफसी-११ हवेत सापडला. सांध्यातून निसटलेला गॅस कुठे जातो याचं उत्तर मिळालं: कुठेच नाही, तो हवेत तसाच राहतो. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड या रसायनशास्त्रज्ञांनी पुढचा भाग मांडला. हे रेणू वर चढतात, अतिनील किरणांनी तुटतात आणि सुटलेला क्लोरीन ओझोन खातो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या छिद्राची नोंद झाली, १९८७ मध्ये असे गॅस आवरणारा माँट्रियल करार झाला. अमेरिकेत १ जुलै १९९२ पासून आर-१२ मुद्दाम हवेत सोडणं बेकायदा ठरलं. विकसित देशांत १९९६ पासून नव्या आर-१२ चं उत्पादन जवळपास थांबलं. विकसनशील देशांना २०१० पर्यंत मुदत होती.

गाड्या आर-१३४ए या नव्या गॅसवर गेल्या. त्यात क्लोरीन नाही, म्हणून ओझोनला धोका नाही. आणि क्लोरीन नाही म्हणूनच हॅलाइड टॉर्च एका रात्रीत आंधळी झाली, कारण फ्लोरीनने तांब्याची ज्योत हिरवी होत नाही. टोकाशी विजेचा सूक्ष्म विसर्ग करून गॅस ओळखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रं तोवर आली होती, पण तीही या गॅसला मंद निघाली. रेणू लहान असल्याने तो जुन्या रबरी होजमधून जास्त झिरपायचा. मग होजच्या आत नायलॉनचा थर आला आणि ओ-रिंगचं रबर बदललं. कॉम्प्रेसरच्या जुन्या खनिज तेलात तो मिसळेना, म्हणून पॅग ऑइल हे कृत्रिम तेल आलं. ड्रायरवरच्या काचेवरही पूर्वीसारखा भरवसा ठेवता येईना. मेकॅनिकची चार ओळखीची हत्यारं त्या दोन-तीन वर्षांत जवळपास एकदमच निकामी झाली, आणि या उलथापालथीबद्दल ओझोनच्या कहाण्यांत कुणी चकार शब्द काढत नाही.

ही पोकळी यूव्ही डायने भरून काढली. चमकणारा रंग तेलात मिसळायचा, एसी काही दिवस चालवायचा, मग निळी किंवा अतिनील टॉर्च आणि पिवळा चष्मा घेऊन बघायचं. गॅस उडून जातो, पण त्याच्यासोबत बाहेर आलेलं तेल सांध्यावर चिकटून राहतं आणि पिवळट-हिरवं चमकतं. मला ही सगळ्यांत समजूतदार पद्धत वाटते, कारण गळती चालू असतानाच ती पकडावी लागत नाही. तिची खोडही तिथेच: गॅस भरताना सांडलेला थेंब पुसला नाही तर पुढचा मेकॅनिक धडधाकट व्हॉल्व्ह बदलून मोकळा होतो. कूलिंग कॉइल तर डॅशबोर्डच्या पोटात असते, तिथे टॉर्च पोचत नाही. फार तर पाणी ठिबकणाऱ्या नळीच्या तोंडाशी रंगाची खूण मिळते का ते पाहायचं.

कारखान्यांत कॉइल आणि कंडेन्सर तपासायला हेलियम आणि रेणू वजनावरून ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर लावतात. ती युक्ती दुसऱ्या महायुद्धात युरेनियम वेगळं करणाऱ्या अमेरिकी प्रकल्पातल्या पाइपांची गळती शोधताना जन्मली. गॅरेजला ती परवडत नाही.

गॅरेजमध्ये आले ते हुंगणारे डिटेक्टर. आधी तापलेल्या सिरॅमिकवर रेणू फोडून हॅलोजनचे आयन मोजणारे, मग इन्फ्रारेडवाले. त्यांची संवेदनशीलता अमेरिकेच्या एसएई संस्थेच्या जे२७९१ या मानकात बांधलेली आहे: वर्षाला १४, ७ आणि ४ ग्रॅम अशा तीन पायऱ्या. ४ ग्रॅम म्हणजे दिवसाला ग्रॅमचा शंभरावा भाग. एवढं बारीक हुंगणारं यंत्रसुद्धा घाईने फिरवलं तर काही सांगत नाही. टोक पृष्ठभागापासून ५ मिलिमीटरच्या आत, सेकंदाला २५ ते ५० मिलिमीटर एवढ्याच चालीने आणि सांध्याच्या खालच्या अंगाने, कारण गॅस हवेपेक्षा जड आहे. इंजिन बंद, पंखा बंद आणि आत पुरेसा दाब. रिकाम्या सिस्टिमवर डिटेक्टर फिरवून ‘लीक नाही’ म्हणणं निव्वळ वेळकाढूपणा. बरीच यंत्रं आजूबाजूच्या गॅसला शून्य धरून घेतात, म्हणून टोक गळतीवरच धरून ठेवलं की ती थोड्या वेळाने गप्प होतात. बाजूला नेऊन परत आणावं लागतं. कूलिंग कॉइलसाठी ब्लोअर थोडा वेळ चालवून बंद करायचा, गॅस तळाशी साठू द्यायचा आणि मग टोक पाण्याच्या नळीशी किंवा ब्लोअरच्या पोकळीत न्यायचं.

व्हॅक्यूम मारून काटा हलतो का बघण्याची चाल अजून सर्रास आहे. काटा हलला तर गळती नक्की आहे. नाही हलला तर काहीच सिद्ध होत नाही. व्हॅक्यूममध्ये फार तर एक बारचा (साधारण हवेच्या दाबाएवढा) फरक पडतो, तोही बाहेरून आत. एसी चालू असताना उच्च दाबाच्या बाजूला पंधरा बार किंवा जास्त दाब आतून बाहेर ढकलत असतो. दाबाने उघडणारी फट व्हॅक्यूमने मिटते. नायट्रोजन मारून तपासणं जास्त प्रामाणिक.

इन्फ्रारेड डिटेक्टर चालतो, कारण कार्बन आणि फ्लोरीनचा बंध इन्फ्रारेड किरण जोरात शोषतो. पृथ्वीवरून परतणारी उष्णता हा गॅस अडवतो तोही याच बंधामुळे. आर-१३४ए ची तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या साधारण १,४०० पट धरतात. आर-१२ ला क्लोरीनने उघडं पाडलं आणि बंदी आणली. आर-१३४ए च्या बाबतीत तेच फ्लोरीनच्या बंधाने केलं. युरोपीय संघाने २००६ मध्ये ही ताकद १५० च्या खाली आणण्याचं बंधन घातलं, २०११ पासून नव्या प्रकारच्या गाड्यांना आणि २०१७ पासून सगळ्या नव्या गाड्यांना. त्याच निर्देशात गळतीवरही आकडा आला: आर-१३४ए सारखे गॅस वापरणाऱ्या गाडीला एक कूलिंग कॉइल असेल तर वर्षाला ४० ग्रॅम, दोन असतील तर ६०. झिरपणं शून्य होणार नाही हे कायद्यानेच मान्य केलं.

त्यानंतर आलेला आर-१२३४वायएफ हवेत काही दिवसांत तुटतो, कारण त्याच्या रेणूत दुहेरी बंध आहे. म्हणून तो हवामानाला जवळपास निरुपद्रवी. पण तो थोडा पेट घेऊ शकतो, त्यामुळे डिटेक्टरचं स्वतःचं टोकही ठिणगी देणारं चालत नाही. त्याच्यासाठी जे२९१३ हे वेगळं मानक आहे. आता गाडीत मिळून अर्धा किलोच्या आसपास गॅस असतो, तोही महाग. १०० ग्रॅम कमी झाले तरी फरक जाणवतो, त्यामुळे ‘भरून द्या’ हा सल्ला आता खिशालाही परवडत नाही. काही जण गळती बुजवणारं रसायन आत सोडतात. त्याने गॅस काढून घेणारं यंत्रच तुंबतं आणि पुढची प्रत्येक दुरुस्ती महागते.

काही गाड्यांनी कार्बन डायऑक्साइडच निवडला. त्याचा दाब १०० बारच्या पुढे जातो, सांधे त्यानुसार मजबूत करावे लागतात आणि हुंगून गळती काढणं फार अवघड होऊन बसतं, कारण तो हवेत सगळीकडे आहे आणि वाकून बघणाऱ्या मेकॅनिकच्या श्वासातही. अशा वेळी पाच टक्के हायड्रोजन मिसळलेला नायट्रोजन भरून हायड्रोजन हुंगणारं यंत्र फिरवणं बरं पडतं; हायड्रोजनचा रेणू सगळ्यांत हलका आणि फार लहान, बारीक फटीतूनही निसटतो आणि या प्रमाणात पेटत नाही.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांनी मूळ दुखणंच काढून टाकलं. २००३ च्या टोयोटा प्रियससारख्या गाड्यांत कॉम्प्रेसर विजेवर फिरू लागला. मोटर आतच, दांडा बाहेर नाही, म्हणजे ते झिजणारं सीलही नाही. पण बॅटरी गार ठेवायला त्याच गॅसच्या जादा नळ्या आणि जादा सांधे आले. शिवाय मोटरची गुंडाळी तेलात भिजलेली असल्याने तेल वीज न वाहू देणारं लागतं, म्हणून पॅगऐवजी बहुधा पीओई हे दुसरं कृत्रिम तेल. अशा गाडीत पॅग ऑइलमधला नेहमीचा यूव्ही डाय टोचला तर इन्सुलेशन घसरतं, गाडी फॉल्ट दाखवते आणि एसी बंद पाडते. म्हणून डाय घालण्याआधी बोनेटखालच्या स्टिकरवर तेलाचं नाव वाचून घ्यावं.