करेक्शनल ऑफिसरचं जॉब डिस्क्रिप्शन: त्यातल्या ओळी आल्या कुठून?

करेक्शनल ऑफिसरचं, म्हणजे साध्या भाषेत तुरुंगातल्या गार्डचं, जॉब डिस्क्रिप्शन लिहायला बसलं की बहुतेक जण जुनी जाहिरात उघडून कॉपी-पेस्ट करतात. गणती, झडती, राउंड, रिपोर्ट, झालं काम. पण यातली जवळजवळ प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या घोळानंतर आलीय, आणि तो घोळ माहीत नसला की नेमकी तीच ओळ ढिली लिहिली जाते.

पगारापासूनच बघा ना. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या जेलरला बहुतेक ठिकाणी पगारच नव्हता, तो कैद्यांकडूनच फी उकळायचा. बेड्या हलक्या हव्यात? पैसे टाका. कोर्टानं निर्दोष सोडलं तरी जेलरची फी भरली नाही म्हणून माणसाला परत आत नेऊन ठेवायचे! जॉन हॉवर्ड 1773 मध्ये बेडफर्डशायर काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) शेरीफ, तिथल्या तुरुंगाचीही जबाबदारी असलेला अधिकारी, झाला तेव्हा त्यानं हे पाहिलं आणि म्हणाला, जेलरला सरळ पगार द्या. तिथले न्यायाधीश म्हणे, असं आधी कुठं झालंय ते दाखव. मग गडी शेजारच्या काउंट्या पालथ्या घालत सुटला, दाखला काही मिळाला नाही पण सगळीकडे तीच लूट दिसली. पुढच्याच वर्षी, 1774 ला, सुटलेल्या कैद्यांकडून फी घेण्याविरुद्ध कायदा झाला. आज ‘कैद्याकडून कुठलाही आर्थिक लाभ घेऊ नये’ असं लिहितो त्याचं मूळ हे.

मग 1823 चा ब्रिटिश कायदा. जेलरनं रोजच्या रोज कैदी बघायचे, डायरी ठेवायची, बायकांवर बायकाच देखरेख करतील. राउंड आणि लॉगबुक हा जाहिरातीतला सगळ्यात कंटाळवाणा भाग ना, तो इतका जुना आहे.

अमेरिकेत वेगळंच चाललं होतं. फिलाडेल्फियाचं ईस्टर्न स्टेट तुरुंग 1829 ला सुरू झालं, तिथं एकांत आणि शांतता म्हणजे सुधारणा अशी समजूत, त्यामुळे पावलांचा आवाज येऊ नये म्हणून गार्ड बुटांवरून मोजे चढवून फिरायचे. विचार करा, त्या पोस्टचं डिस्क्रिप्शन लिहिलं असतं तर पहिली पात्रता काय, मुक्यानं चालता येणं! कैद्याशी बोलणं हा कामाचा भागच नव्हता.

‘करेक्शन’ हा शब्द हळूहळू आत शिरला. 1870 मध्ये सिनसिनाटीला तुरुंगवाल्यांची परिषद भरली, शिक्षेचा हेतू छळ नाही तर सुधारणा, आणि त्यासाठी ट्रेनिंग घेतलेला स्टाफ हवा असं तिथं ठरलं. त्यातून निघालेल्या नॅशनल प्रिझन असोसिएशननं 1954 मध्ये नाव बदलून अमेरिकन करेक्शनल असोसिएशन केलं. नाव बदललं म्हणून काम बदलतं असं नाही हो. 1971 चं न्यूयॉर्क राज्यातलं अ‍ॅटिका तुरुंग बघा, कैद्यांना आठवड्याला एक अंघोळ, महिन्याला टॉयलेट पेपरचा एक रोल, आत निम्म्याहून जास्त कैदी कृष्णवर्णीय आणि गार्ड जवळपास सगळे गोरे. 9 सप्टेंबरला उठाव झाला आणि 13 तारखेला राज्यानं तुरुंग परत ताब्यात घेईपर्यंत सगळे मिळून 43 जीव गेले. त्यानंतर भरती कुणाची करायची आणि शिकवायचं काय, हे प्रश्न टाळता येईनात.

माझ्या मते लिहिणाऱ्यानं सगळ्यात आधी वाचावेत ते संयुक्त राष्ट्रांचे 1955 चे किमान नियम, जे 2015 मध्ये सुधारून नेल्सन मंडेला नियम झाले. सचोटी, माणुसकी, कामातलं कौशल्य आणि या कामाला साजेसा स्वभाव, या चार गोष्टी स्टाफ निवडताना बघा असं तिथं स्पष्ट आहे. बळ कधी वापरायचं तेही आहे, स्वतःचा बचाव, पळून जायचा प्रयत्न, आदेशाला शारीरिक विरोध, तेही गरजेपुरतंच आणि वापरलं की लगेच वरिष्ठांना रिपोर्ट. 2015 मध्ये ट्रेनिंगच्या यादीत मानसिक आजाराची लक्षणं लवकर ओळखणंही आलं. जाहिरातींत मात्र हे अजून तळाशी, ‘सांगितलेली इतर कामे’च्या जरा वर कुठंतरी असतं, आणि पहिल्या ओळीत उंची आणि छाती.