कोकणच्या गाड्यांना इंजिन कुठलं लागतं आणि ते कसं ठरलं

आमच्याकडे चिपळूणला एका गणपती स्पेशलला मालगाडीचं डिझेल इंजिन लावून आलेलं मी बघितलंय, प्लॅटफॉर्म चाकरमान्यांनी भरलेला, कोणाचं लक्ष नव्हतं, पण इंजिनाच्या अंगावर डब्ल्यूडीजी लिहिलेलं स्पष्ट दिसत होतं. त्यातला 'जी' म्हणजे गुड्स, मालगाडी. मग ते पॅसेंजरला कसं आलं, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात बसला तो बसलाच, आणि शोधत गेलो तर त्याचं मूळ पार वाफेच्या इंजिनात निघालं.

आधी ही अक्षरं सांगतो म्हणजे पुढचं सोपं जाईल. पहिलं अक्षर रुळाचं, डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटरगेज. दुसरं ताकद कशावर त्याचं, डी डिझेल, ए एसी वीज, सी डीसी वीज, वाफेच्या इंजिनाला हे अक्षर नसायचं. तिसरं कामाचं: पी पॅसेंजर, जी गुड्स, एम मिक्स्ड म्हणजे दोन्ही, एस शंटिंग.

वाफेच्या काळात हा फरक लांबूनही ओळखू यायचा, कारण तो चाकात असायचा. डब्ल्यूपी हे मेल-एक्सप्रेसचं इंजिन, त्याची ओढणारी चाकं सहा आणि पाच फूट सात इंच उंच, आणि डब्ल्यूजी हे मालगाडीचं, त्याची आठ चाकं पण पाच फूट दीड इंचाची. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं म्हणून गाडी वेगात पळते, लहान चाकं जास्त असली की जोर जास्त आणि वजनही जास्त चाकांवर पडून घसरणं कमी. म्हणजे कुठल्या कामाला कुठलं इंजिन हे कारखान्यातच ठरून जायचं, नंतर बदलायला वावच नव्हता.

विजेवर आल्यावरही सुरुवातीला तसंच चाललं. खंडाळ्याचा घाट १ इन ३७, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर, तिथे मालासाठी १९२८ पासून ते लांबुडकं डब्ल्यूसीजी-१ आलं, ज्याला आपल्याकडे सगळे खेकडा म्हणायचे, आणि १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली तिला डब्ल्यूसीपी-१. एकाच घाटात दोन कामं आणि दोन वेगळी इंजिनं, वर कर्जतहून मागून ढकलायला बँकर लावायचे ते वेगळेच. खेकडे म्हातारे झाल्यावर त्यांना यार्डात शंटिंगला लावलं, आणि हे बहुतेक जुन्या इंजिनांचं होतं, मेन लाइनवरून उतरलं की डबे इकडून तिकडे करायचं.

मग 'एम' आला, आणि माझ्या मते कोकणाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं अक्षर हेच. १९६२ ला अमेरिकेच्या अल्को कंपनीची डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनं आली, १९६४ पासून वाराणसीला बनायला लागली, २६०० हॉर्सपॉवर, आणि अडीच हजारांच्या वर बनली. सकाळी एक्सप्रेस ओढा, रात्री सिमेंटच्या वाघिणी ओढा, ते कुठल्याच कामाला नाही म्हणत नव्हतं. शेडवाल्यांना, म्हणजे इंजिनं सांभाळणाऱ्यांना, केवढी सोय, एकच सुटे भाग, एकच मिस्त्री, आणि समोर जी गाडी येईल तिला इंजिन जोडता येतं.

कोकण रेल्वे बरोबर याच काळात झाली. १९९० ला कॉर्पोरेशन स्थापन झालं, ई. श्रीधरन प्रमुख, २६ जानेवारी १९९८ ला रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सगळी लाइन सुरू. आपल्याकडे डोंगर-दऱ्या सोडून दुसरं काही नाही, तरी त्यांनी चढ १ इन १५० च्या आत ठेवला, त्यासाठी नव्वदच्या वर बोगदे खणले, एकटा करबुडेचा साडेसहा किलोमीटर, आणि रत्नागिरीजवळ पानवल नदीवर ६४ मीटर उंच पूल बांधला. याचा इंजिनाशी सरळ संबंध आहे. खंडाळ्यात चढ आधी होता म्हणून त्याला झेपेल असं इंजिन आणि वर बँकर शोधायला लागले, कोकणात डोंगरच असा कापला की साधं मिक्स्ड डिझेल एकट्याने गाडी घेऊन जाईल. ज्यांनी हे बोगदे खणताना जीव गमावला त्यांची आठवण मला दर वेळी करबुडेत शिरताना येते, कारण आपल्या गाड्या बँकरशिवाय पळतात त्या त्यांच्या जिवावर.

इंजिनं बहुतेक शेजारच्या झोनची. म्हणून रत्नागिरी स्टेशनला उभं राहिलं की इंजिनाच्या अंगावर कल्याण, एर्नाकुलम अशी शेडची नावं वाचायला मिळायची, ते त्याचं माहेर, ठरलेल्या दिवसांनी तपासणीला तिथे परत जायलाच लागतं. म्हणून मेल-एक्सप्रेसच्या इंजिनांचं लिंक बनवतात, म्हंजे ही गाडी घेऊन जा, तिकडून ती गाडी घेऊन ये. डब्यांचं असंच असतं ते आपल्याला माहितीच आहे, मांडवी मुंबईला पोचते आणि तेच डबे कोकणकन्या होऊन रात्री मडगावकडे निघतात. मालगाडीला असं लिंक नसतं, तिथे कंट्रोल ऑफिसमध्ये पॉवर कंट्रोलर बसलेला असतो, कुठलं इंजिन कुठे मोकळं, कोणाची तपासणीची तारीख जवळ आली, ते बघून तो लावतो. गणपतीत जादा गाड्या निघाल्या की लिंकची इंजिनं पुरत नाहीत मग याच मालगाडीच्या साठ्यातून घेतात. चिपळूणच्या त्या डब्ल्यूडीजीचं उत्तर हे. डब्ल्यूडीजी-३ए म्हणजे आतलं मशीन डब्ल्यूडीएम-२ च्या सुधारलेल्या डब्ल्यूडीएम-३ए सारखंच, ३१०० हॉर्सपॉवर, बोगी म्हणजे खालचा चाकांचा सांगाडा वेगळा आणि वेगाची मर्यादा १०० पर्यंत, सिंगल लाइनवर क्रॉसिंगला थांबत थांबत जाणाऱ्या स्पेशलला तेवढं पुरतं.

२०२२ ला पूर्ण लाइन विजेवर आली आणि 'पी' व 'जी' पुन्हा वेगळे झाले. डब्ल्यूएजी-९ आणि डब्ल्यूएपी-७ ही दोन इंजिनं सख्खी भावंडं आहेत, मोटर तीच, फरक मुख्य गियरचा. मालाच्या इंजिनात दात ७७ ला १५, पॅसेंजरच्यात ७२ ला २०. एवढ्यावर एक साधारण ४६ टन जोर लावतं पण १०० च्या वेगाला थांबतं, दुसरं ३३ टन लावतं पण १४० ला पळतं. वाफेच्या काळात जे चाकाच्या उंचीत होतं ते आता गियरच्या दातात गेलंय, बाहेरून बघून कळत नाही, अक्षरच वाचायला लागतं.

आणि आता एक नवी अट आलीय. जुन्या निळ्या डब्यांत पंखे-दिव्यांची वीज डब्याखालच्या डायनामो आणि बॅटरीवर चालायची, इंजिन कुठलंही असो. नव्या एलएचबी डब्यांना वीज बाहेरून लागते, ती डब्ल्यूएपी-७ इंजिनातूनच पुरवतं, साध्या मालगाडीच्या इंजिनात ती सोय नसते. म्हणजे उद्या गणपती स्पेशलला डब्ल्यूएजी लावायचं तर गाडीला जनरेटरचा डबा आहे का हे आधी बघायला लागतं, नाहीतर सावंतवाडीपर्यंत माणसं अंधारात आणि उकाड्यात. म्हणून हल्ली मी चिपळूणला स्पेशल आली की इंजिनावरचं अक्षर वाचतो आणि जी दिसला तर जनरेटरचा डबा कुठे लागलाय तेही बघतो.