भागतं कसं? : नोकरी सोडून संस्थेत काम करणाऱ्यांची कोल्हापुरी पार्श्वभूमी

पुण्या-बंगळूरमधली कंपनीची नोकरी सोडून कोल्हापूरला परतलेला आणि एखाद्या संस्थेत बिनपगारी राबणारा माणूस आता इथं नवलाचा राहिलेला नाही. मीही त्यातलीच एक. अकरा वर्षं पुण्यात काढली, आता आठवड्याचे चार दिवस वीटभट्टीवरच्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत जाते. घरी आलेले पाहुणे चहाचा कप खाली ठेवता ठेवता हमखास विचारतात, 'ते सगळं बरं हाय, पण भागतं कसं?'

सुरुवातीला हा प्रश्न मला टोचायचा. आता वाटतं, या सगळ्या परंपरेबद्दल विचारावा असा खरा प्रश्न हाच आहे. सेवा करणाऱ्याचं नाव रस्त्याला, चौकाला मिळतं. तो सेवा करत होता तेव्हा त्याच्या घरची चूल कशावर पेटत होती, हे मात्र सहसा कुणी लिहून ठेवत नाही.

कोल्हापुरात या प्रश्नाचं पहिलं मोठं उत्तर दरबारानं दिलं. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघालं. शाहू महाराजांची रीत अशी की जागा आणि आर्थिक आधार संस्थानचा, आणि कारभार बघायचा त्या त्या समाजातल्या मंडळींनी. दसरा चौकात उभं राहिलं की यातल्या काही इमारती आजही नजरेला पडतात. खेड्यातून ट्रंक घेऊन आलेल्या पोराच्या दोन वेळच्या जेवणाची काळजी मिटली, म्हणून ही बोर्डिंगं चालली. शिक्षणाआधी ताट, हा क्रम महाराजांना नेमका कळला होता.

याच कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून गेलेला एक मुलगा पुढं विक्रीच्या धंद्यात शिरला. हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजमध्ये १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत ते गावोगाव फिरले. आजच्या भाषेत बोलायचं तर सेल्समधला माणूस. त्यांचं चरित्र सांगताना हा भाग दोन वाक्यांत उरकतात, ते मला पटत नाही. नांगर विकायचा म्हणजे शेतकऱ्याच्या बांधावर बसायचं, त्याला परवडतं किती ते ओळखायचं, हप्त्यानं पैसे वसूल करायचे, आणि पुढच्या सुगीला पुन्हा त्याच गावात तोंड दाखवायचं. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा याच ओळखीपाळखीतून वसतिगृहासाठी धान्य आणि मदत मागता आली. नोकरीत कमावलेलं कसब त्यांनी टाकलं नाही, ते कामाला जुंपलं.

पण भागलं कसं? त्याची किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मोजली. साताऱ्यातल्या वसतिगृहात मुलं उपाशी राहायची वेळ आली तेव्हा त्यांनी एकेक दागिना दिला, आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं. नोकरी सोडणाऱ्याच्या त्यागाबद्दल आपण भरभरून बोलतो. त्याच्या घरातल्या बाईला कुणी विचारलं होतं का, हे मला प्रत्येक वेळी आठवतं.

१९४९ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि दरबारी आश्रय संपला. पाठोपाठ १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला. नोंदणी, दरवर्षीचा हिशेब, विश्वस्त बदलले की त्या बदलाची नोंद करणारा चेंज रिपोर्ट : संस्थेला कागदाची शिस्त लागली. पुढच्या काही दशकांत सेवेचा भार उचलला तो मुख्यतः पगारदार माणसांनी, नोकरी सांभाळून. मास्तर, बँकेतले कारकून, पेन्शनर. शिवाय पेठापेठांतल्या तालमी होत्याच. पंचगंगेला पूर आला की तिथली पोरं कुणी सांगायची वाट बघत नव्हती.

सरकारी नोकरी आणि संस्था ही जोडी कुठवर जाऊ शकते, याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे नसीमा हुरजूक. किशोरवयात कमरेखालचं शरीर निकामी झालं. त्यांनी शिक्षण पुरं केलं, केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यात नोकरी धरली आणि ती करता करताच अपंगांसाठीचं काम उभं केलं. १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था सुरू झाली, उचगावला 'घरौंदा' वसतिगृह झालं. पुढं त्यांनी नोकरी सोडली, पण संस्था पायावर उभी राहिल्यानंतर. आधी उडी आणि मग पोहणं शिकणं, हे त्यांनी केलं नाही. नोकरी सोडायच्या विचारात असलेल्या तरुणांनी हा क्रम नीट बघावा असं मला मनापासून वाटतं.

त्याच सुमाराला देशात आणखी एक विचार मूळ धरत होता. १९८३ मध्ये 'प्रदान' ही संस्था स्थापन झाली. चांगल्या संस्थांतून शिकलेली मुलं खेड्यात जाऊन काम करतील आणि त्याचा रीतसर पगार घेतील, ही तिची भूमिका. सेवा म्हणजे फकिरी, या समजाला तिनं धक्का दिला. इथं कोल्हापुरात 'सायबर' या कॉलेजात एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनाही पगाराची हीच अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे.

मग आलं २०१४. कंपनी कायद्याचं कलम १३५ त्या वर्षी १ एप्रिलपासून लागू झालं. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्चायचे. संस्थांच्या कारभारात 'सीएसआर', म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी, हा शब्द रुळला, आणि त्याच्यामागोमाग प्रपोजल, बजेट, तिमाही रिपोर्ट, आणि पैसे कुठं खर्चले याचा दाखला म्हणजे युटिलायझेशन सर्टिफिकेट. वीस वर्षं मनापासून काम केलेल्या माणसांना या भाषेत लिहिता येईना. कंपनीतून आलेल्या आमच्यासारख्यांना ती तोंडपाठ होती. आमची गरज निर्माण झाली ती अशी.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांवर गेलं, तिथली धोक्याची पातळी ४३ फूट. महामार्ग बंद, घरचे फोन लागेनात. पुण्यात बसून ते दिवस काढलेल्या कितीतरी जणांच्या मनात परतायचा विचार तेव्हाच शिरला. पाठोपाठ लॉकडाऊन आला, लॅपटॉप गावच्या सोप्यात आले, आणि काही जण परत गेलेच नाहीत. मी त्यातली.

संस्थेतल्या पहिल्या आठवड्यात मी मुलांची माहिती भरायला मोठी एक्सेल शीट केली. तिथल्या ताईंनी शांतपणे आपली दोनशे पानी वही पुढं ठेवली. प्रत्येक मुलाचं नाव, त्यापुढं भट्टीमालकाचं नाव, मूळ गाव, मुकादमाचा नंबर, आणि शेवटच्या रकान्यात 'दिवाळीनंतर परत येणार' किंवा 'सांगता येत नाही'. भट्ट्या दिवाळीनंतर पेटतात, पावसाआधी थांबतात, कुटुंबं निघून जातात. हंगाम उलटला की ताई तीच वही घेऊन भट्टी ते भट्टी फिरतात. 'कोण आलंय, कोण न्हाई, मी बघून येतो की,' एवढंच म्हणून स्कूटी काढतात. माझ्या शीटमध्ये तो शेवटचा रकाना नव्हताच.

आणि भागण्याचं म्हणाल, तर माझं भागतं. अकरा वर्षांची शिल्लक आहे, घर स्वतःचं आहे, नवऱ्याचा पगार आहे. ताईंचं मानधनावर भागतं, आणि कंपनीचा हप्ता लांबला की ते मानधन थकतं. फुकट काम करणारी मी आल्यामुळं कुणी बैठकीत 'मग मानधनाची एवढी तरतूद कशाला?' असं विचारलं, तर माझ्या सेवेनं त्यांच्या चुलीवर पाणी ओतलं असं होईल. एकदा तसं विचारलं गेलं. त्या रात्री बसून मी बजेट पुन्हा मांडलं. पहिल्या ओळीत भट्टीशाळेच्या ताईंचं बारा महिन्यांचं मानधन, हंगाम नसलेल्या महिन्यांसकट. प्रिंट त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी चष्मा लावून बोटानं महिने मोजले. जून, जुलै, ऑगस्ट. मग कागदाची घडी घालून वहीत ठेवली.