ओल्ड फेथफुल इन

ओल्ड फेथफुल इन हे अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात, यलोस्टोन नॅशनल पार्कमधलं लाकडी ओंडक्यांचं जुनं हॉटेल. जगातल्या सगळ्यात मोठ्या ओंडका-इमारतींमध्ये याची गणती होते आणि ओल्ड फेथफुल नावाचा तो गरम पाण्याचा फेमस फवारा अगदी समोरच उडतो.

इथे आधी असलेलं साधंसं हॉटेल १८९४ ला जळालं. मग रेल्वेच्या पैशांवर १९०३ मध्ये नवीन काम सुरू झालं, ऐन बर्फात चालू राहिलं आणि १९०४ च्या उन्हाळ्यात हॉटेल उघडलं पण! आर्किटेक्ट रॉबर्ट रीमर तेव्हा जेमतेम तिशीचा. त्याने सामान लांबून मागवण्यापेक्षा आजूबाजूचंच वापरलं, म्हणजे लॉजपोल पाईनचे ओंडके आणि तिथलाच ज्वालामुखीचा दगड, आणि खरी कमाल म्हणजे वाकड्यातिकड्या फांद्या सरळ न करता तशाच टेकूला आणि कठड्यांना लावल्या, त्यामुळे आत उभं राहून वर बघितलं की जंगलातच आहोत असं वाटतं.

लॉबी साधारण ७६ फूट उंच, मधोमध जवळपास ५०० टन दगडाचं धुरांडं, त्यावर रीमरनेच डिझाइन केलेलं भलंमोठं लोखंडी घड्याळ. पार वर छपराखाली एक छोटा मचाण आहे, पूर्वी तिथे बसून वादक वाजवायचे आणि खाली लॉबीत लोक नाचायचे. दिसायला एवढं रानटी, पण वीज आणि वाफेची हीटिंग पहिल्यापासून होती हं. सुरुवातीला १४० खोल्या होत्या, नंतर दोन बाजूंना विंग वाढवल्या, आता ३०० च्या वर आहेत.

ऑगस्ट १९५९ च्या भूकंपात डायनिंग रूमचं धुरांडं कोसळलं, मोठ्या धुरांड्यालाही मार बसला आणि तेव्हापासून तो मचाण पर्यटकांसाठी बंदच आहे. खरी परीक्षा मात्र ७ सप्टेंबर १९८८ ला झाली. त्या वर्षी पार्कचा प्रचंड भाग वणव्यात जळत होता, त्या दिवशी वारा फिरला आणि आग थेट इकडे आली, जवळच्या काही केबिन गेल्या, पण छपरावर नुकतीच बसवलेली पाण्याच्या फवाऱ्यांची सिस्टीम आणि होसपाइप धरून उभे राहिलेले फायरफायटर यांच्यामुळे सगळं लाकडाचं असूनही हे हॉटेल वाचलं. १९८७ पासून याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा आहे. पुढे अमेरिकेतल्या बऱ्याच पार्कांमध्ये अशाच रांगड्या धाटणीच्या इमारती झाल्या, त्याची वाट इथूनच पडली. बर्फामुळे हिवाळ्यात बंद असतं, साधारण मे ते ऑक्टोबर चालू.