बदलीच्या गावचं हवामान: आकडा कुठला बघायचा?

नाशिकमधून बदली झाली की घरात पहिला प्रश्न मुलांच्या शाळेचा निघतो, दुसरा भाड्याचा, आणि कधीतरी सामान बांधायच्या आधी कुणीतरी विचारतं, "तिकडं ऊन कसं असतं?" मग मोबाइल निघतो. चेन्नईचं मे महिन्याचं कमाल तापमान सरासरी सदतीस-अडतीसच्या घरात. नाशिकचं एप्रिल-मेमधलंही जवळपास तेवढंच. "आपल्यासारखंच की!" म्हणून विषय मिटतो. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून चेन्नईकडं किंवा दिल्लीजवळच्या मानेसरकडं निघालेल्या, ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून बेंगळुरूला किंवा लखनौला जाणाऱ्या कितीतरी कुटुंबांचा हवामानाचा अभ्यास इथंच संपतो.

कमाल तापमान हा हवामानाचा सगळ्यात प्रसिद्ध आकडा आहे, आणि घर हलवताना सगळ्यात कमी कामाचा. आधी हवेत पाणी किती आहे ते बघावं. त्यातून बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात.

नाशिकमधली एप्रिलची दुपार घ्या. तापमान ३८ अंश, आर्द्रता १५ टक्के. अशा हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण ७ ग्रॅम पाण्याची वाफ असते. चेन्नईत पारा ३५ वर आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर तेवढ्याच हवेत जवळजवळ २४ ग्रॅम वाफ असते. म्हणजे तीन अंश थंड हवेत तिपटीहून जास्त पाणी.

याचा त्रास कळायला घामाचं काम समजून घ्यावं लागतं. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातही साधारण १०० वॅट उष्णता सतत तयार होत असते आणि ती बाहेर टाकावीच लागते. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की घामाशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. एक लिटर घामाची वाफ झाली तर ती सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. स्वस्थ बसून साडेसहा तासांत तयार होणारी उष्णता एवढीच असते. अट एकच, घामाची वाफ व्हायला हवी. नुसता निथळून बनियन भिजवणारा घाम शरीराला फारसं गार करत नाही. माठातलं पाणी कोरड्या वाऱ्यात गार पडतं आणि पावसाळ्यात कोमटच राहतं, त्याचं कारणही हेच.

हवा किती घाम उडवू शकेल हे मोजायची जुनी, साधी पद्धत आहे. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळायचं आणि त्यावर वारा घालायचा. पाण्याची वाफ होते, पारा उतरतो आणि एका जागी थांबतो. त्या आकड्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. नाशिकच्या त्या ३८ अंशांच्या दुपारी तो उतरून साडेएकोणीसच्या आसपास येतो. चेन्नईच्या ३५ अंशांत मात्र साडेअठ्ठावीसवरच अडकतो. सावलीत बसून, वारा घेऊन, कितीही पाणी पिऊन घामाच्या जोरावर शरीराला जो गारवा मिळू शकतो, त्याची मर्यादा हा आकडा ठरवतो.

म्हणून सामानाच्या यादीत पहिली काट कूलरवर मारावी. कूलरमध्ये दुसरं काहीच नसतं. ओल्या जाळीतून हवा ओढायची, बस. बरा कूलर साध्या थर्मामीटरचं तापमान आणि वेट बल्ब तापमान यांतलं सुमारे ८० टक्के अंतर कापतो. नाशिकमध्ये ३८ ची हवा २३ पर्यंत येते. चेन्नईत ३५ ची हवा कशीबशी तिशीला येते आणि त्यात भर म्हणून खोली ओलीचिंब होते. ट्रकमध्ये जागा अडवून, भाडं भरून तो चेन्नईला न्यायचा आणि पहिल्याच आठवड्यात गॅलरीत कपड्यांच्या चिमट्यांचं स्टँड करायचा, हा उद्योग टाळता येतो. एसीचं बजेट मात्र आधीच धरावं, वीजबिलासकट. दिल्लीकडं कूलर मे-जूनमध्ये, लू म्हणजे कोरडा गरम वारा वाहतो तेव्हा, नाशिकपेक्षाही जोरात चालतो. जुलैत पाऊस आला की तोच कूलर निरुपयोगी. एकाच शहरात, सहा आठवड्यांच्या अंतरानं.

इथं आर्द्रतेच्या टक्क्यांचा एक सापळा आहे. डिसेंबरच्या पहाटे नाशिकमध्ये १० अंश आणि ८० टक्के आर्द्रता दिसली, तर हवा दमट आहे असं वाटेल. प्रत्यक्षात त्या हवेत घनमीटरला जेमतेम साडेसात ग्रॅम पाणी असतं, एप्रिलच्या त्या रखरखीत दुपारीइतकंच. टक्का तापमानासोबत हलत राहतो, पाणी तिथंच असतं. टक्क्यांवरून दोन गावांची तुलना केली तर हाती काहीच लागत नाही.

तुलना करायची तर दवबिंदूची. हवा किती अंशांपर्यंत गार केली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागेल, तो दवबिंदू. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांना दवाचा हिशेब नव्यानं शिकवायला नको. रात्री पानं किती वेळ ओली राहिली यावर डावणी या बुरशीजन्य रोगाची धास्ती अवलंबून असते. माणसासाठी ढोबळ मोजपट्टी अशी: दवबिंदू १६ च्या खाली असेल तर हवा सुखाची, २० च्या पुढं चिकचिक सुरू, २४ ओलांडला की जीव नकोसा. नाशिकच्या त्या दुपारी दवबिंदू ७ च्या आसपास असतो, चेन्नईच्या २६. किनाऱ्यावर तो इतका चढतो कारण मे महिन्यात बंगालच्या उपसागराचं पाणीच तिशीला टेकलेलं असतं आणि वारा तिथूनच येतो.

रात्रीचं गणितही यातच आहे. सूर्य मावळला की जमीन आपली उष्णता आकाशाकडं फेकू लागते. पाण्याची वाफ त्यातली बरीच उष्णता अडवून धरते. हवा कोरडी असली तर ती सुटून जाते. शिवाय पारा दवबिंदूपर्यंत उतरला की दव पडू लागतं, त्यातून उष्णता बाहेर पडते आणि पुढची घसरण मंदावते. दवबिंदू २६ असलेल्या गावात रात्री २० अंशांची आशा धरण्यात अर्थ नाही. एप्रिलमध्ये दुपारी ३८ अंशांचे चटके सोसलेला नाशिककर रात्री गच्चीवर २०-२२ अंशांत चादर शोधतो. चेन्नईत मेच्या रात्री पारा २७-२८ च्या खाली यायला तयार नसतो. दिवसाचा ताण शरीर रात्री भरून काढतं. माझं मत विचाराल तर दोन गावांच्या कमाल तापमानात दोन अंशांचा फरक असला तर तो सोडून द्यावा, पण किमान तापमानात पाच अंशांचा फरक असेल तर त्यावर घरातल्या सगळ्यांनी बसून बोलावं. घरात म्हातारी माणसं असतील तर नक्कीच.

पाऊस हा नाशिककरांचा तसा घरचा विषय. एकाच जिल्ह्यात इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तिथून जेमतेम ४५ किलोमीटरवर नाशिक शहरात सातशेच्या आसपास, आणि आणखी पूर्वेला येवल्याकडं पाचशे-साडेपाचशे. अरबी समुद्रावरून आलेली हवा घाट चढताना गार होते, पाणी टाकते, आणि पलीकडं उतरताना तापून कोरडी होते. हीच पर्जन्यछाया पुढं तमिळनाडूवरही पडते. जून-जुलैत नाशिकला आभाळ भरून येतं तेव्हा चेन्नईत ऊन तापत असतं. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्येकडून, बंगालच्या उपसागरावरून येतो. वर्षाच्या सुमारे १४०० मिलिमीटरपैकी निम्म्याहून जास्त त्याच तीन महिन्यांत.

त्यामुळं वर्षाची बेरीज पाहून काही कळत नाही, महिने बघायला हवेत. शाळा जूनमध्ये सुरू होतात म्हणून मेअखेर चेन्नईला गेलेलं कुटुंब नाशिकच्या आषाढाची वाट बघत आणखी काही महिने तापत बसतं, आणि दिवाळीत आकाशकंदील लावायच्या वेळी छत्री शोधतं. घर बघायला जाताना पुराची चौकशी हमखास करावी. नाशिकमध्ये रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, यावरून गोदेचा पूर सांगतात. चेन्नईत विचारायचं ते हे, की डिसेंबर २०१५ मध्ये या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं? घरमालक टोलवाटोलवी करेल. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारा.

बेंगळुरूबद्दल आपल्याकडं दोन समजुती आहेत: तिथं कायम थंडी असते, आणि तिथलं हवामान नाशिकसारखं आहे. दोन्ही अर्धवट खऱ्या. उंची वाढली की दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आतबाहेर, बेंगळुरू ९०० च्या पुढं. एप्रिलमध्ये तिथं पारा सहसा ३४-३५ लाच थांबतो, त्यात या उंचीचा हात आहे. पण ते शहर विषुववृत्ताला सात अंशांनी जवळ आहे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तिथं १५-१६ अंश असतात आणि नाशिकला १०-११. नाशिकच्या गारठ्यात वाढलेल्या माणसाला तिथली थंडी हाफ स्वेटरची. पावसाचा जोर मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि त्याआधी एप्रिल-मेमध्ये संध्याकाळचे वळीव. कपडे वाळवायची जागा बघून घर घ्यावं.

हैदराबादचं हवामान सगळ्यांत जवळचं. तेच दख्खनचं पठार, तशीच उंची, पाऊसही त्याच महिन्यांत. मे एखाद-दोन अंशांनी जास्त तापतो, हिवाळा सौम्य. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. अहमदाबाद मात्र जवळ असूनही वेगळं, कारण ते पठाराखाली, समुद्रसपाटीपासून पन्नासेक मीटरवर आहे. २० मे २०१६ रोजी तिथं ४८ अंशांची नोंद झाली. २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर त्या शहरानं २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा स्वतःचा आराखडा केला, देशातला पहिला.

उत्तरेचा प्रश्न वेगळा. "निफाडला पारा ५ च्या खाली जातो, दिल्लीच्या थंडीचं आम्हाला काय सांगता?" हा नाशिककराचा ठरलेला शेरा. पहाटेचा आकडा खरोखर जवळपास सारखा असतो. पण निफाडला पहाटे बागेत शेकोट्या पेटवणारा शेतकरी दुपारी बाराला शर्टावर वावरतो, कारण तोवर पारा २७-२८ वर गेलेला असतो. दिल्लीत जानेवारीचं सरासरी कमाल तापमानच २० आहे, आणि धुकं उठलं नाही तर १५ च्याही आत. भिंती, फरशी, गाद्या दिवसभरात तापतच नाहीत, त्यामुळं थंडी घरात आठवडेच्या आठवडे मुक्कामाला राहते. जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली कोंडली जाते आणि तिच्यासोबत धूरही. घरात कुणाला दमा असेल तर दिल्ली-मानेसरच्या बाबतीत तापमानाआधी नोव्हेंबर-डिसेंबरमधली हवेची गुणवत्ता बघावी.

तिकडं घर बघताना आपली एक सवय आड येते. नाशिकमध्ये दक्षिणेकडं तोंड असलेला फ्लॅट म्हटलं की वास्तुशास्त्राच्या नावानं नाकं मुरडली जातात. दिल्लीत डिसेंबरमध्ये भरदुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून अवघ्या ३८ अंशांवर असतो, म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत खोलवर येतं. जूनमध्ये तोच सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्यानं छोटासा छज्जाही त्याला अडवतो. हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात सावली, तेही फुकट. वास्तूच्या भीतीनं दुसऱ्या कुणी सोडलेला तो फ्लॅट कदाचित थोडा स्वस्तातही मिळेल.

हे आकडे मिळवायला फार धडपड लागत नाही. हवामानशास्त्रात तीस वर्षांच्या सरासरीला आधार मानतात, सध्या १९९१ ते २०२० ची. भारतीय हवामान विभाग शहरवार, महिनावार तक्ते काढतो. त्या नोंदींचं काम पुण्यात शिवाजीनगरच्या कार्यालयात चालतं, ज्याला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात, कारण १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून तिथं आलं होतं. तक्त्यात सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच अशा दोन वेळच्या नोंदी असतात. संध्याकाळची बघा, सकाळची आर्द्रता सगळीकडंच जास्त दिसते. आणि तुलना नाशिकच्याही याच तक्त्याशी करा, लहानपणच्या नाशिकशी नको.

नव्या गावच्या उकाड्याची शरीराला सवय होते, हे खरं आहे. एक ते दोन आठवड्यांत रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं, घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जातं. पण त्यासाठी रोज थोडा वेळ उकाड्यात वावरावं लागतं. एसी घर, एसी गाडी, एसी ऑफिस असा दिवस काढणाऱ्याला ती सवय लागतच नाही. सत्तरीपुढच्या माणसांना तहान कमी लागते आणि घामही कमी येतो, म्हणून आई-वडिलांना पहिल्या फेरीत, भर मेमध्ये सोबत नेण्यापेक्षा मागाहून जरा गार महिन्यात न्यावं. कमावलेली सवय तीन-चार आठवड्यांत बरीचशी ओसरते. मे महिना नाशिकला आजोळी काढून जूनमध्ये चेन्नईला परतलेल्या मुलांना पहिल्या आठवड्यात मैदानावर धाप लागते ती त्यामुळं. त्या आठवड्यापुरतं संध्याकाळी ऊन उतरल्यावरच खेळायला सोडावं.